ओढेल किती, यापेक्षा थांबेल कसा?

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की धाराशिव जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. ढोकी, केशेगाव, रांजणी, मुरूम, सोनारी या गावांकडे जाणाऱ्या वाटांवर दिवसरात्र उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर झुकलेला ऊस आणि मागे लोंबणारे वाढे. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. याच महिन्यांत सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात ट्रॉलीच्या मागून धडकलेले दुचाकीस्वार आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेले चालक दाखल होत राहतात.

उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती एचपी? दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढेल का? कर्ज, कारखान्याकडून घेतलेली उचल, डिझेलचा खर्च आणि टनावर मिळणारे भाडे यांचा हिशेब त्याच प्रश्नावर बसलेला असतो, म्हणून तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो अपुरा आहे. ओढणे हे इंजिनचे काम आहे. थांबवणे हे ब्रेकचे, टायरचे आणि ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचे काम आहे. एचपी वाढल्याने ही तिन्ही आपोआप वाढत नाहीत.

साधा हिशेब करून पाहू. समजा, ट्रॅक्टर दोन टनांचा आहे आणि मागे ट्रॉल्यांसह वीस टन वजन आहे. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर उतरतो. अशा उतारावर मागचे वीस टन ट्रॅक्टरला सुमारे एक टन जोराने पुढे ढकलतात. चाकांच्या घर्षणात त्यातले काही जिरते, उरलेले ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांना पेलावे लागते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर केवळ वेग वाढू न देण्यातच त्या टायरांची जवळजवळ सगळी पकड खर्च होते. गाडी थांबवायला काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी अचानक ब्रेक दाबला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला तिरपे ढकलते, जोडणी कोनात दुमडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेल्या या जिल्ह्यात तुळजापूर आणि येडशीचे घाट आहेत. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक इंजिनचा आधारही सोडून देतो.

चढावर धोका उलट्या दिशेचा असतो. मागचा भार हुकाला खेचतो आणि पुढची चाके जमिनीवरून उचलली जातात. हुक जितका उंच जोडलेला, तितका हा धोका जास्त. ट्रॅक्टर मागे कलंडायला एक-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात चालकाला उडी मारणे जमत नाही. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी मजबूत चौकट सक्तीची केली आणि तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. आपल्याकडे ट्रॅक्टरवर दिसते ते बहुधा सावलीसाठी लावलेले छत. ते ऊन अडवते, ट्रॅक्टरचे वजन अडवत नाही.

परदेशात मोठ्या आलिशान गाड्यांमागे ट्रेलर जोडून त्यावरून दुसरी मोटार किंवा होडी नेण्याची पद्धत आहे. गाडी निवडताना तिथले लोक दोन आकडे पाहतात. ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल आणि ब्रेक नसलेला किती. युरोपात 750 किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. साडेसातशे किलो म्हणजे आपल्याकडच्या ट्रॉलीतला उसाचा एक कोपरा. तिथे हौसेच्या प्रवासाला जो नियम लागतो, तो इथे रोजीरोटीच्या वाहतुकीला लागू नये, याचे समर्थन कोणत्याही अर्थशास्त्राने होत नाही.

दुसरा धोका डोळ्यांशी निगडित आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात 22 मीटर अंतर कापते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात आणि पुढे गाडी थांबायला आणखी तीस-चाळीस मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे 80 मीटर. पण डीम केलेल्या दिव्यांत काळपट, मळकट वस्तू बहुधा 50 मीटरच्या आतबाहेरच दिसते. पंक्चर होऊन रस्त्यात उभी राहिलेली, दिवे वाढ्यांनी झाकलेली ट्रॉली अशी दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर पडला तर पुढचे काही सेकंद जवळजवळ काहीच दिसत नाही. वाढत्या वयात आणि मोतीबिंदू असेल तर हा काळ आणखी लांबतो. परावर्तक पट्टीचे महत्त्व इथे आहे. ती आलेला प्रकाश पुन्हा त्याच वाहनाकडे परतवते आणि कितीतरी दुरून चमकते. काही शे रुपयांचे हे काम आहे. ट्रॉलीभोवती ठेवलेले दगड हा त्याला पर्याय नाही. ट्रॅक्टर निघून गेल्यावरही रस्त्यात पडून राहिलेले तेच दगड पुढच्या दुचाकीस्वाराला पाडतात.

तिसरा धोका चालकाच्या झोपेचा. फडात ऊस भरणे, रस्ता, काट्यावरची रांग, गव्हाणीजवळ नंबर येण्याची वाट आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा फड, असे चक्र रात्रंदिवस चालते. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. दारूचा थेंबही न घेतलेला चालक झोपेअभावी त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी हाकत असतो. डुलकी टाळण्यासाठी लावलेली मोठ्या आवाजातली गाणी झोप भरून काढत नाहीत. उलट मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न मात्र ऐकू येऊ देत नाहीत.

वजनाबद्दल कुणालाच कल्पना नसते, असेही म्हणता येत नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचे वजन किलोपर्यंत नोंदले जाते, कारण त्यावरच शेतकऱ्याचे बिल आणि वाहतूकदाराचे भाडे ठरते. कोणत्या ट्रॅक्टरने किती जादा भार आणला याची नोंद कारखान्याच्या दप्तरातच असते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने जादा भारासाठी 20 हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये दंड ठरवला. पण रस्त्यावर पकडून दंड करण्यापेक्षा काट्यावर थांबवणे सोपे आहे. ठरलेल्या वजनापलीकडच्या उसाचे वाहतूक भाडे मिळणार नाही, असे वाहतूक करारात एक कलम आले तर जादा भरण्याचे कारणच संपते. ब्रेक नसलेल्या आणि मागे परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉलीला नंबर न देणे, रांगेत थांबलेल्या चालकांना झोपण्यासाठी शेड देणे, हेही कारखान्यांच्या हातात आहे. कमी भार म्हणजे जास्त खेपा आणि जास्त डिझेल, ही वाहतूकदारांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय भाड्याच्या दरात शोधायला हवा. तो खर्च चालकाच्या आणि वाटसरूंच्या हाडांतून वसूल होऊ नये.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांनीही एचपीच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारावेत. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन किती? कंपनीने किती भार ओढण्याची शिफारस केली आहे? ऑइल ब्रेक आहेत का? चालकासाठी चौकट आणि पट्टा मिळतो का? ट्रॉलीला हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक बसवता येतील का? एक सवय फुकटची आहे. शेतात वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे ठेवलेले असतात, रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पायडल खिट्टीने जोडावेत. ते सुटे राहिले तर घाईत एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जातो. भरलेल्या उसावर माणसे, विशेषतः मजुरांची मुले, बसवू नयेत.

अपघात घडलाच तर पहिला तास मोलाचा असतो. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले असले तरी मेंदूच्या गंभीर इजेसाठी अनेकदा सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. म्हणून 108 ला लगेच फोन करावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान न हलवता जखमीला आहे तसे ठेवावे, पाणी पाजू नये. उसाखाली छाती दबलेल्या माणसाला मात्र क्षणही न दवडता मोकळे करावे, कारण दबलेल्या बरगड्या श्वास घेऊ देत नाहीत. पाय तासन् तास दबून राहिला असेल तर ही गोष्ट रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना आवर्जून सांगावी. चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे घटक हृदय आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतात. 1941 मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमींमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले होते. वेळीच सलाइन सुरू झाले तर तो धोका टळू शकतो.

मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना 2025 पासून लागू झाली आहे. दुचाकीस्वाराच्या डोक्यावरचे हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी करते. पण हे सारे धडक झाल्यानंतरचे उपाय. ट्रॉलीला ब्रेक, मागे पट्टी, काट्यावर मर्यादा आणि चालकाला झोप, या चार गोष्टींना रुग्णालय लागत नाही. येत्या हंगामाचे वाहतूक करार करतानाच त्या कागदावर आल्या पाहिजेत.