प्रायमरी ही पक्षाची घरची बाब नव्हे

29 फेब्रुवारी 2020 च्या संध्याकाळी सात वाजता साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याचं, मतदान संपलं आणि लगेच वृत्तसंस्थांनी जो बायडन जिंकल्याचं जाहीर केलं. हाच उमेदवार आयोवात चौथा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवा आला होता. वर्तमानपत्रांनी त्याच्या प्रचाराचे मृत्युलेख जवळपास लिहून ठेवले होते. इथे मात्र त्याला 49 टक्क्यांच्या आसपास मतं पडली, प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्सना 20 च्या आसपास. राज्यातल्या 46 च्या 46 काउंट्या बायडननी जिंकल्या. दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार हे आणखी दोन प्रतिस्पर्धी मैदानातून बाहेर पडले, बायडनच्या पाठीशी उभे राहिले, आणि 3 मार्चला मतदान झालेल्या चौदापैकी दहा राज्यं बायडनकडे गेली.

या निकालाला नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं म्हणणं असं: जिम क्लायबर्न या तिथल्या बड्या डेमोक्रॅटिक खासदाराने शब्द टाकला आणि मतदार मुकाट्याने त्याच्या मागे गेले. शिवाय हे राज्य रिपब्लिकनांचं. जिथे नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हरणारच, तिथल्या मतदाराने डेमोक्रॅटिक उमेदवार का ठरवावा? आणि शेवटी, उमेदवार निवडणं हा पक्षाचा अंतर्गत मामला आहे, त्यासाठी राज्याराज्यांतून एवढा खर्चिक खटाटोप हवाच कशाला? तिकीट वरून येतं आणि एबी फॉर्म शेवटच्या रात्री हातात पडतो, हे पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकालाही हा शेवटचा मुद्दा चटकन पटतो. मला यातला एकही मुद्दा मान्य नाही.

आधी क्लायबर्न. 26 फेब्रुवारीला त्यांनी बायडनना जाहीर पाठिंबा दिला आणि त्याचा परिणाम झाला, हे खरंच आहे. पण त्या पाठिंब्यामागची हकिगत क्लायबर्न यांनी स्वतः सांगितलेली आहे. एका परिचिताच्या अंत्यविधीला ते चर्चमध्ये गेले होते. पुढच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी त्यांना बोटाने खुणावून जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, तुम्ही कुणाला मत देणार? त्यांनी तसंच हळू आवाजात बायडनचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, हे मला ऐकायचं होतं, आणि लोकांनाही ऐकायचं आहे. इथे नेत्याने मतदारांना हाकलं, की मतदाराने नेत्याला बोलायला लावलं? ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याला विचारून मत बनवणं ही माणसाची साधी, शहाणपणाची रीत आहे. न्यू हॅम्पशायरचा गोरा मतदार वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून मत बनवतो तेव्हा त्याला चोखंदळ म्हणायचं आणि साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय बाईंनी आपल्या खासदाराला विचारलं की त्यांना मेंढरू ठरवायचं, ही तुलना मला संतापजनक वाटते.

आणि मेंढरंच असती तर 2008 चं काय? तेव्हा पक्षातलं बरंचसं वजन क्लिंटन कुटुंबाकडे होतं, कृष्णवर्णीय समाजात बिल क्लिंटनबद्दल जिव्हाळाही होता. तरी याच राज्यातल्या याच मतदारांनी बराक ओबामांना 55 टक्के दिले आणि हिलरी क्लिंटनना 27 टक्क्यांवर ठेवलं. आठ वर्षांनी त्यांनीच हिलरींना 73 टक्के मतं देऊन जिंकवलं. तिन्ही वेळा त्यांनी माणूस पाहिला, काळ पाहिला, जिंकण्याची शक्यता तोलली. 2020 मध्ये सात उमेदवार रिंगणात होते आणि 5 लाख 39 हजारांच्या आसपास लोकांनी मत दिलं. 2016 मध्ये हा आकडा 3 लाख 70 हजार होता. कुणाच्या सांगण्यावरून यंत्रवत मत टाकायला एवढी गर्दी लोटत नाही.

आता दुसरा मुद्दा. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायनात बायडनना जवळपास 10 लाख 90 हजार मतं पडली. राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात ज्यांनी ठरतो ती इलेक्टोरल मतं मात्र या राज्यातून त्यांच्या पदरात एकही पडली नाहीत. नऊच्या नऊ डोनाल्ड ट्रम्पना गेली, कारण जो पुढे तो सगळी घेऊन जातो. 1976 मध्ये जिमी कार्टर जिंकले, त्यानंतर हे राज्य डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या हाती लागलेलं नाही. म्हणजे तिथल्या डेमोक्रॅटिक मतदाराच्या, विशेषतः कृष्णवर्णीय मतदाराच्या, मताने राष्ट्राध्यक्ष ठरण्यात फरक पडू शकतो असा दिवस चार वर्षांत एकच येतो, प्रायमरीचा. डेमोक्रॅटिक प्रायमरीत उमेदवार निवडणारे पक्षाचे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, तिथे त्याचं मत असं वाया जात नाही. राज्य रिपब्लिकनांचं आहे म्हणून तो दिवसही काढून घ्या म्हणणाऱ्याने एवढं सांगावं, की मग या माणसाने देशाच्या सर्वोच्च पदाबद्दल बोलायचं कुठे?

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मला थांबलंच पाहिजे, कारण तो या राज्यात आधी एकदा, 1944 मध्ये, मांडला गेला आहे. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष गोऱ्यांचा होता आणि त्याची प्रायमरी जिंकणं म्हणजेच निवडणूक जिंकणं होतं. कृष्णवर्णीयांना नोव्हेंबरमध्ये कागदोपत्री मत असे, प्रायमरीत प्रवेश नसे. एप्रिल 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्या खटल्यात अशी गोऱ्यांपुरती प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर ऑलिन जॉन्स्टन यांनी त्याच महिन्यात विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि प्रायमरीचा उल्लेख असलेले दीडशेच्या आसपास कायदे रद्द करवून घेतले. युक्तिवाद असा: कायद्यात प्रायमरी उरलीच नाही, पक्ष हा खासगी क्लब झाला, आणि क्लबात कुणाला घ्यायचं हा क्लबाचा प्रश्न.

1946 च्या ऑगस्टमध्ये कोलंबिया शहरातले एक कृष्णवर्णीय दुकानदार, जॉर्ज एल्मोर, प्रायमरीत मत द्यायला गेले आणि त्यांना परत पाठवलं गेलं. ते न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलांत नागरी हक्कांचे नामवंत वकील थर्गुड मार्शल होते. न्यायाधीश वेटीज वॉरिंग हे चार्ल्सटनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले. जुलै 1947 मध्ये त्यांनी निकाल दिला की मतदार जिथे खरोखर निवड करतो तिथून त्याला क्लबाच्या नावाखाली बाहेर ठेवता येणार नाही. 1948 च्या प्रायमरीत हजारो कृष्णवर्णीयांनी मतं दिली. वॉरिंगना त्यांच्याच गावाने वाळीत टाकलं, पुढे ते न्यू यॉर्कला निघून गेले. एल्मोरचं दुकान बुडालं: सावकारांनी तगादा लावला, माल देणाऱ्यांनी माल थांबवला. 1959 मध्ये ते गरिबीतच वारले. 2020 च्या प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते, त्याची किंमत अशी आधी चुकती झालेली आहे. उमेदवार निवडणं ही पक्षाची घरची बाब आहे असं आज कुणी सहज म्हणतो, तेव्हा तो जॉन्स्टनचाच युक्तिवाद पुन्हा करत असतो, मग मनात वर्णद्वेष नसला तरी.

क्रमाबद्दलची तक्रार मात्र मला रास्त वाटते. कोणतं राज्य आधी मत देतं यावर फार काही अवलंबून असतं आणि जून महिन्यात मत देणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा ठरून गेलेला उमेदवार येतो. त्यावर 2024 साठी काढलेला उपाय मला पटला नाही. पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिलं स्थान दिलं, पण त्या वेळी बायडन पदावर होते आणि त्यांच्यासमोर तुल्यबळ कुणी उभं नव्हतं. 3 फेब्रुवारीला त्यांना 96 टक्के मतं पडली, मतदार आले 1 लाख 31 हजारांच्या आसपास. जुलैमध्ये त्यांनी माघार घेतली आणि तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रतिनिधींनी पक्की केली. प्रायमरीच्या मतदाराला पुन्हा विचारायला वेळ उरला नव्हता. 2020 मध्ये या राज्याचा क्रमांक चौथा होता आणि मतदारापुढे रिंगणातले सात उमेदवार होते. म्हणून माझं म्हणणं असं: पहिलं स्थान दर चार वर्षांनी वेगळ्या राज्याला द्या, साउथ कॅरोलायनाला नाही मिळालं तरी चालेल. विद्यमान अध्यक्ष पुन्हा उभे असले तरी त्यांना आव्हान देणाऱ्याला पक्षाने दार बंद करू नये, एवढी हमी त्या वेळापत्रकाबरोबर पक्षाच्या नियमांत लिहून मिळाली पाहिजे.