चंचल मुलांची शिकवणी

वर्गात ज्याला एका जागी बसवत नाही, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच जो उत्तर ओरडून मोकळा होतो, ज्याची वही अर्धी कोरी आणि पेन्सिल रोज हरवलेली, अशा मुलाला आपल्या समाजाने आजवर 'व्रात्य' ही एकच पदवी बहाल केली आहे. मुलगी असेल आणि ती खिडकीबाहेर पाहत गप्प बसत असेल, तर तिची बोळवण 'मंद' म्हणून होते. या दोहोंच्या मागे पुष्कळदा एकच कारण असते. वैद्यकशास्त्राने त्याला एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, असे नाव दिले आहे. मोबाइलने जन्माला घातलेले हे नवे खूळ आहे, असे मानणारे बरेच आहेत. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचे वर्णन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील व्याख्यानांत १९०२ साली केले होते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभरांतील सुमारे पाच मुलांना ही अडचण असते. चाळीसांच्या वर्गात अशी दोन मुले असणारच, मग शिक्षकाला ती ओळखता येवोत वा न येवोत.

या मुलांना पडद्यावरून, एका शिक्षकाने एका मुलाला, नियमित शिकवावे अशी एक सूचना अलीकडे पुढे येत आहे. ती ऐकताच अनेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील मुले 'रेंज'साठी डोंगर चढत होती. ज्यांना घरबसल्या रेंज मिळाली, त्यांच्या वाट्याला पडद्यावरच्या चाळीस चौकटी आणि एक वाचून दाखवणारा आवाज आला. धडधाकट मुलेही तिथे कंटाळली, तर चंचल मुलाचे काय झाले असेल हे सांगायला नको. परंतु त्या वर्षी फसला तो भरलेला वर्ग जसाच्या तसा पडद्यात कोंबण्याचा प्रकार. एका मुलापुढे बसून शिकवण्याची परीक्षा तेव्हा झालीच नाही.

ती घ्यावी असे आम्हांस वाटते, याचे कारण आपला भूगोल आहे. गोमंतक लहान आहे असे आपण सतत म्हणतो. पण काणकोणच्या आतल्या गावातून बांबोळीला यायचे तर आईला दिवसाची मजुरी सोडावी लागते आणि दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. मनोविकारांची सरकारी संस्था बांबोळीस, गोमेकॉ बांबोळीस, खाजगी तज्ज्ञ बव्हंशी पणजी, म्हापसा, मडगावच्या आसपास. तपासणीसाठी वर्षातून दोनचार फेऱ्या कशाबशा होतील. आठवड्यातून तीन वेळा शिकवणीसाठी कोण येणार? आणि या मुलांना महिन्यातून एकदा दोन तास शिकवून काहीही साधत नाही. त्यांना थोडे, पण वारंवार द्यावे लागते.

याचे कारण त्यांच्या अडचणीच्या स्वरूपात आहे. असे मूल बुद्धीने उणे असते असे मुळीच नाही. त्याला पाढे येतात. पाढे लिहायला सुरुवात करता येत नाही, केलेली टिकवता येत नाही, आणि दहा मिनिटे म्हणजे किती हे त्याच्या मनाला उमगत नाही. म्हणून शिकवणी सुरुवातीला पंधरावीस मिनिटांचीच असावी, दिवस आणि वेळ ठरलेली असावी. आरंभी शिक्षकाने त्या दिवसाची तीन कामे सांगावीत, मुलाने ती कागदावर लिहून समोर ठेवावीत आणि होईल तसतशी खोडावीत. शेजारी वाळूचे घड्याळ वा स्वयंपाकघरातील गजर ठेवावा, म्हणजे सरणारा वेळ त्याला डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल. लेखन पडद्यावर नको, वहीतच हवे; मात्र पेन्सिल चालते आहे की थांबली आहे हे शिक्षकाला दिसेल असा कॅमेरा वहीकडे वळवावा. मुलाला त्याचे स्वतःचे चित्र दिसू देऊ नये. ते दिसले की पुढची दहा मिनिटे तोंडे वेंगाडण्यात जातात. ते उभे राहून उत्तर देईल, येरझारा घालील, तर घालू द्यावे. 'नीट बस' असे वारंवार बजावणारा शिक्षक त्या मुलाची सारी शक्ती बसण्यातच खर्च करवतो आणि गणितासाठी काही उरत नाही. शाबासकी द्यायची ती तिथल्या तिथे आणि नेमक्या गोष्टीबद्दल द्यावी. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकाची वाट पाहण्याइतका धीर या मुलांपाशी नसतो.

घरात एक मोठे माणूस जवळ हवे. आजी असली तरी पुरे, तिला अक्षरओळख नसली तरी चालेल. तिने बसायचे आहे, शिकवायचे नाही. (आपल्या घरांतून हेच कठीण. बसलेले माणूस दोन मिनिटांत उत्तरे सांगू लागते आणि तिसऱ्या मिनिटाला धपाटा घालते.) घरात एकच मोबाइल असेल तर शिकवणीच्या ऐन मध्यावर बापाला कुणाचा तरी फोन येणार, हेही गृहीत धरावे. ज्या यंत्रावर खेळ आणि गाणी आहेत त्याच यंत्रावर अवधान शिकवायचे, हा विरोधाभास आहेच. निदान शिकवणीपुरत्या इतर सूचना व घंटा बंद ठेवता येतात.

ही शिकवणी म्हणजे उपचार नव्हे, हे पालकवर्गाने नीट समजून घ्यावे. आधी निदान हवे आणि ते डॉक्टरांचे हवे. घरी आणि शाळेत दोन्हीकडे, निदान सहा महिने, आणि वयाच्या बारा वर्षांपूर्वीपासून लक्षणे असली तरच हे नाव दिले जाते. कानाने कमी ऐकणारे किंवा रात्रीची झोप न मिळणारे मूलही वर्गात असेच वागते. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय तज्ज्ञ सांगतात. त्या वयाच्या बालकाला पडद्यापुढे बसवू नये.

शासनाकडे वळावे तर तेथे विसंगती दिसते. केंद्राच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, शाळकरी मुलांत शोधायच्या दोषांच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकारांना मान्यता दिली. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचे नाव नाही. म्हणजे सरकारचा एक हात दोष शोधतो आणि दुसऱ्या हाताच्या यादीत त्या दोषाला घर नाही. ही पोकळी खाजगी बाजार भरून काढतो. चकचकीत ध्वनिचित्रफितींचे संच हप्त्याने विकले जातात, बहुतेक इंग्रजीतून. मराठी वा कोकणी प्राथमिक शाळेतील मुलाला त्या भाषेचा अडसर वेगळाच. शिवाय मुद्रित फीत मुलाकडे पाहत नाही. मूल उठून अंगणात गेले तरी ती आपली चालूच राहते. समोर जिवंत शिक्षक असला तर तो हाक मारतो. या साऱ्या खटाटोपाचे मोल त्या हाकेत आहे.

यंत्रे वाटण्याची हौस आपल्या राज्याने पूर्वीही पुरवून घेतली आहे. सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक गेले, त्यांबरोबर शिक्षक गेला नाही. आता टॅबलेट वाटपाची घोषणा होण्याआधी शिक्षणखात्याने माणसे नेमावीत. बारा तालुक्यांतील प्रत्येकी दोन प्रशिक्षित विशेष शिक्षक, मराठी व कोकणी सफाईने बोलणारे, एवढी मागणी अवाजवी नाही. ज्या घरी रेंज नाही वा शांत खोली नाही, तेथील मुलासाठी जवळच्या सरकारी शाळेत वा पंचायतघरात दाराची एक खोली आणि भरवशाची जोडणी द्यावी. पावसाळ्यातील विजेचा खेळ पाहता बॅटरीची सोयही हवी. पडद्यावरच्या शिक्षकाने वर्गशिक्षकाला आठवड्याला चार ओळी लिहाव्यात आणि वर्गशिक्षकाने त्यांना उत्तर द्यावे, असा नियमच करावा, नाहीतर मूल दोन गुरूंच्या मध्ये लोंबकळत राहील.

सारे राज्य एकदम हाती घेण्याचे कारण नाही. येत्या शैक्षणिक वर्षी काणकोण घ्यावे. वर्षअखेरीस गुण मोजू नयेत. हजेरीचे दिवस किती वाढले, गृहपाठ किती पुरा झाला, शाळेकडून घरी तक्रारीची चिठ्ठी किती वेळा गेली, हे मोजावे आणि आकडे, चांगले असोत वा वाईट, जनतेपुढे मांडावेत. उरलेल्या अकरा तालुक्यांचे मग ठरवता येईल.