बंद पडला की बंद केला?

खेळाचे वृत्तांत साहित्याच्या अभ्यासकांनी बारकाईने वाचावेत, असे सहसा कोणी सुचवत नाही. तरीही पुण्यातील फुटबॉलप्रेमींची वृत्तपत्रांवरील जुनी नाराजी आम्हांला भाषाविचाराचा विषय वाटते. संघ हरल्यावर टीका झाली म्हणून चाहता रुसतो, ही समजूत वरवरची आहे. त्याचे खरे भांडण एका क्रियापदाशी आहे.

२००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये संपला. भारत एफसीही त्याच वर्षी, एकच हंगाम खेळून नाहीसा झाला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगबाहेर गेला. उरला इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. मालकांच्या आर्थिक अडचणींनंतर २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. या काळातील लिहिण्या-बोलण्यात दोन वाक्ये पुन:पुन्हा भेटत राहिली : 'क्लब बंद पडला' आणि 'पुणे हे फुटबॉलचे शहरच नव्हे'.

'बंद पडणे' हे मराठीत घड्याळाचे, गिरणीचे, पंख्याचे क्रियापद आहे. त्यात करणारा दिसत नाही. 'बंद केला' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न टळत नाही. पहिल्या वाक्यातून मालक असा निसटला की रिकाम्या जागी दोषी म्हणून दुसऱ्या वाक्यातला प्रेक्षक आणून बसवता येतो. मग रिकाम्या खुर्च्यांचे छायाचित्र पुरावा ठरते.

खुर्च्या रिकाम्या असत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल शहराच्या पश्चिम टोकाला आहे. पेठांतून किंवा हडपसरहून तेथे जाणाऱ्याला रात्रीच्या सामन्यानंतर परतीची चिंता असे. तरीही नारिंगी पोशाखातील 'ऑरेंज आर्मी' ढोल घेऊन उभी राहत होती. ७ मार्च २०१८ रोजी उपान्त्य फेरीत बेंगळुरूला येथे गोलशून्य बरोबरीत रोखले गेले. चार दिवसांनी सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी परतीचा सामना ३-१ असा गेला. तो पराभव चाहत्यांनी पराभव म्हणूनच स्वीकारला, कारण तेथे कोणी काय केले हे स्पष्ट होते.

चाहत्यांची बाजूही निर्दोष नाही. प्रत्येक प्रतिकूल बातमीमागे विकाऊ पत्रकार शोधणे हा विचाराचा आळस आहे. चाहता 'आपण हरलो' म्हणतो. वार्ताहराने 'संघ हरला' असेच लिहिले पाहिजे. त्याने आपल्या 'आपण'मध्ये सामील व्हावे, ही चाहत्याची अपेक्षा गैर आहे. मात्र 'पुणेकरांनी पाठ फिरवली' असे लिहिताना पाठ न फिरवलेल्यांचीही दखल घ्यावी, ही अपेक्षा रास्त आहे.

कोल्हापुरात हेच चित्र उलटे दिसते. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि गर्दी लोटते. तेथील चाहत्याची बातमी बहुधा हुल्लडबाजी झाली की होते. हाणामारीचे समर्थन कोणी करू नये. पण दगड दहा जणांनी मारला असेल, तर 'कोल्हापूरचे प्रेक्षक' हा त्या वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. पुण्यात कर्ता गाळला जातो, कोल्हापुरात तो फुगवला जातो. दोन्हीकडे सामान्य प्रेक्षकाच्या पदरी ठपकाच येतो.

पुण्याची जागा घेणारा हैदराबादचा क्लब २०२१-२२ मध्ये विजेता ठरला आणि तरीही २०२५ मध्ये दिल्लीला हलवला गेला. तेव्हा हैदराबादही 'फुटबॉलचे शहर नव्हते' असे म्हणायचे काय?

संघाविषयी गोड लिहा, असा आमचा आग्रह नाही. कठोर लिहावे, पण वाक्यात कर्ता असावा. वर्गात प्रयोग शिकवताना कर्ता ओळखा म्हणून आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. उद्याचे वृत्तपत्र समोर ठेवून तोच प्रश्न विचारायला काय हरकत आहे?