नव्या घरातली झोप

मैत्रिणींनो, वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले, आणि रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही! चार रात्री अशा गेल्या, की कुजबुज सुरू होते, ‘हिला वास्तू लाभत नाही वाटतं.’ लाभण्या-न लाभण्याचा इथे काडीचा संबंध नाही बरं का! परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध झोपते, असं २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं. जरा खुट्ट झालं, की जाग. म्हणजे तुमचा जीव घराची राखण करत असतो.

तेव्हा त्याला ओळखीचं काहीतरी द्या. स्वयंपाकघर लागेल सावकाश, आधी झोपायची खोली लावा. नव्या चादरींची हौस आठवडाभर थांबू दे; जुनी उशी, जुनी गोधडीच घ्या, आणि तीही न धुता! (पाहुण्यांनी नाक मुरडलं तर मुरडू दे.) रात्री दचकवणारे आवाज दिवसा शोधून ठेवा. तो टाकीचा पंप आहे, हे एकदा कळलं की निम्मी धडधड जाते. जिन्यातला दिवा डोळ्यांवर येत असेल, तर पडदे शिवून होईपर्यंत खिडकीला जुनी सतरंजी टांगा.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर कूस बदलत राहू नका. उठा, मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, डोळे जड झाले की परत आडव्या व्हा. घड्याळाकडे बघायचं नाही. संध्याकाळचा चहा बंद. शेजारणीची झोपेची गोळी तर मुळीच नको. महिनाभरात घडी बसली नाही, तर सरळ डॉक्टरांना विचारा.

आणि हो, तोवर सकाळचा पहिला चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा. हे वाक्य ‘ह्यां’ना वाचून दाखवा!