‘अ‍ॅट लार्ज’ म्हणजे फरार नव्हे!



अमेरिकेतल्या बोस्टन शहराविषयी वाचताना एका मुलाला ‘कौन्सिलर अ‍ॅट लार्ज’ असा शब्द भेटला. शब्दकोशात त्याला ‘मोकाट, फरार’ असा अर्थ सापडला. “सर, नगरसेवक पळून गेला का?” वर्ग खो-खो हसला. पण प्रश्न चांगला होता.

इथे ‘अ‍ॅट लार्ज’ म्हणजे एका वॉर्डाचा नव्हे, तर अख्ख्या शहराने निवडलेला प्रतिनिधी. बोस्टनच्या नगर परिषदेत १३ सदस्य असतात. ९ जण आपापल्या विभागातून येतात, ४ जण संपूर्ण शहरातून. १९८३ च्या निवडणुकीपूर्वी मात्र सगळेच सदस्य शहरभराच्या मतांवर निवडले जात.

आपल्या मुलांना जवळचं उदाहरण द्यायचं तर ग्रामपंचायतीचं द्या. सदस्य वॉर्डाचा, पण थेट निवडून येणारा सरपंच साऱ्या गावाचा. फरक एवढाच, की सरपंचपद एकच. तिकडे अशा जागा अनेक असतात.

मग वॉर्ड पाडायचेच कशाला? हे मी वर्गात करून दाखवलं. ४० मुलं. ३० गावातली, १० लांबच्या वस्तीवरची. चार प्रतिनिधी निवडायचे. आधी प्रत्येकाला चार मतं दिली. चारही जागा गावातल्या मुलांना! मग दहा-दहांचे चार गट केले, वस्तीवरच्या मुलांचा एक. आता त्यांचाही एक प्रतिनिधी आला. मतदार तेच, फक्त पद्धत बदलली.

अमेरिकेत हा खेळ नव्हता. शहरभर मतदान असलं की अल्पसंख्य कृष्णवर्णीयांचा उमेदवार वारंवार पडायचा. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या आधारे लोक कोर्टात गेले आणि कित्येक शहरांना वॉर्ड पाडावे लागले.

पण नुसते वॉर्डही पुरत नाहीत. प्रत्येक जण आपल्याच गल्लीच्या गटारासाठी भांडला, तर गावाच्या पाणीयोजनेचं कोण बघणार? म्हणून मला दोन्हींचा मेळ बरा वाटतो.

माझं म्हणणं इतकंच, की नागरिकशास्त्रात नुसती व्याख्या पाठ करून घेऊ नका. या पद्धतीत कुणाचा आवाज बुडतो, हे मुलांना मोजू द्या. आमच्या वर्गात पहिल्या निकालानंतर वस्तीवरची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आम्ही मत दिलं काय, न दिलं काय, सारखंच की!”

पालकहो, आज जेवताना मुलांना विचारा : आपला मेंबर कोणाच्या मतांवर येतो आणि सरपंच कोणाच्या?