टेपवर उरलेली तीन मिनिटं

वसतिगृहातल्या आमच्या टेपरेकॉर्डरचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं असे. रॅपच्या कॅसेट कुणाच्या तरी आखाती मामाकडून येत, आणि त्यांच्या कॉपीची कॉपी आमच्यापर्यंत पोचेतो गायकाचा घसा बसलेला असे. त्यातल्या दोन-तीन वेगवेगळ्या गाण्यांत मला एकच आवाज सापडायचा. सायरन म्हणावा तर सायरन नाही. कुकरची शिट्टी रडवेली झाली तर जशी वाजेल, तसा. रूममेटचं निदान ठरलेलं होतं : टेप ताणली गेलीय. मग स्पिरिटचा बोळा घेऊन हेड पुसायचं. पुसलं, पुन्हा लावलं, आवाज तिथेच.

टेप ताणलेली नव्हती. तो आवाज न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या काही बहिणींचा होता, हे मला कळायला पुढे पंधरा-वीस वर्षं गेली. बँडचं नाव ईएसजी, गाण्याचं नाव ‘यूएफओ’, साल १९८१.

‘दुर्लक्षित बँड’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ते इथे पटत नाही. ज्याने गेल्या चाळीस वर्षांत थोडंफार हिप-हॉप ऐकलंय त्याने ईएसजी ऐकलेला असतोच. दुर्लक्ष झालं ते नावाकडे आणि बिलाकडे.

सत्तरच्या दशकातलं साउथ ब्राँक्स म्हणजे जळक्या इमारती, टोळ्या आणि हेरॉइन. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या स्क्रॉगिन्स कुटुंबातल्या आईला एकच घोर : पोरी रस्त्यावर जाऊ नयेत. तिने त्यांना वाद्यं आणून दिली. रेनी, व्हॅलरी, डेबोरा, मारी. कुणी ड्रम्सवर बसली, कुणी बास घेतला, कुणी काँगा. शिकवायला गुरू नाही. टीव्हीवरचे गाण्याचे कार्यक्रम बघायचे आणि वाजवायचं. दुसऱ्यांची गाणी वाजवताना चुका व्हायच्या आणि त्या लगेच कळायच्या. यावर पोरींनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. आपलीच गाणी बांधायची, म्हणजे चुकलं की बरोबर, हे सांगणार कोण? नावही त्यांनी असंच हौसेने ठेवलं. व्हॅलरीचा जन्मखडा एमराल्ड म्हणजे पाचू, रेनीचा सफायर म्हणजे नीलम, आणि जी म्हणजे गोल्ड, कारण आपल्या तबकड्या सोन्याच्या व्हाव्यात.

त्यांचा फंक आला जेम्स ब्राऊनकडून, पण त्यांनी त्यातलं काय घेतलं ते बघण्यासारखं आहे. त्याच्या गाण्यात मध्येच एक जागा येते, तिथे बाकीचा पसारा मागे सरतो आणि बास-ड्रम्स उघडे पडतात. तो ब्रिज. रेनीचा विचार असा, की नाचणाऱ्याला हाच भाग हवा असतो, तर अख्खं गाणं तेवढंच का असू नये? म्हणून ईएसजीच्या गाण्यात ब्रास नाही, कीबोर्डची साय नाही. बासचे मोजके सूर, ड्रम्स, काँगा, वरून चार शब्द. आणि मध्ये रिकामी जागा. तबल्यात खालीला डग्ग्याची घुमार थांबते आणि कान सम शोधायला लागतो ना, तसं या पोरी सतत काहीतरी काढून घेतात आणि आपले पाय ते भरायला धावतात. हे शिकवून येत असतं तर प्रत्येक बँडला आलं असतं.

एका स्पर्धेत परीक्षक असलेल्या एड बालमनला त्या आवडल्या. त्याचं ग्रीनिच व्हिलेजमध्ये रेकॉर्डचं दुकान होतं, आणि ‘नाइंटी नाइन’ ही कंपनीही. त्याच्यामुळे शहरातल्या क्लबांत कार्यक्रम मिळू लागले. हरा नावाच्या क्लबात मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या टोनी विल्सनने त्यांना ऐकलं आणि रेकॉर्ड करणार का, असं सरळ विचारलं. ध्वनिमुद्रणाला मार्टिन हॅनेट, जॉय डिव्हिजन या बँडच्या आवाजाला आकार देणारा. ‘यू आर नो गुड’ झालं, ‘मूडी’ झालं. टेपवर तीनेक मिनिटं उरली होती. अजून एखादं गाणं आहे का, असं त्याने विचारलं. पोरींनी ‘यूएफओ’ वाजवलं. स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स’ या चित्रपटात परग्रहवासीयांशी बोलायची जी पाच सुरांची खूण आहे, तिच्यावरून रेनीला ते सुचलं होतं.

त्या उरलेल्या टेपचं पुढे काय झालं? डीजेंनी तबकडी मंद गतीने फिरवली. शिट्टी खाली उतरली, तिचा हुंदका झाला. १९८८ साली रॅपर बिग डॅडी केनच्या ‘एन्ट नो हाफ-स्टेपिन’मध्ये ती आली, त्याच वर्षी पब्लिक एनिमीच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स’मध्ये आली, आणि मग मोजणं सोडून द्यावं इतक्या ठिकाणी. ‘मूडी’ वेगळ्या वाटेने गेलं. पॅराडाइज गराज या क्लबात डीजे लॅरी लेव्हान ते वाजवायचा आणि पुढे हाउस संगीतवाल्यांनी ते आपलंच मानलं. मँचेस्टरचा हासिएंडा क्लब २१ मे १९८२ला उघडला, तेव्हा पहिल्या रात्री वाजवायला या ब्राँक्सच्या पोरीच होत्या.

आता पैशाचं बोलू. त्या काळात दुसऱ्याच्या तबकडीतला तुकडा, म्हणजे सॅम्पल, उचलताना परवानगी घेण्याची पद्धत बसलेली नव्हती, आणि नाइंटी नाइन ऐंशीच्या दशकातच बंद पडली. लोक सॅम्पल घेत राहिले, बहिणींकडे रक्कम येईना. ‘ही त्यांना वाहिलेली आदरांजली आहे’ असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. आपल्याकडेही लोककलावंताला शाल-श्रीफळ देऊन त्याची चाल घेऊन जाणारे कमी नाहीत, तेव्हा हा युक्तिवाद माझ्या कानाला ओळखीचा आहे. आदरांजली घरभाडं भरत नाही. हे मी नव्हे, ईएसजीनेच म्हटलं. १९९२ साली त्यांनी काढलेल्या रेकॉर्डच्या नावाचा अर्थच असा होता : सॅम्पलखाली आमचं नाव छापून आमची बिलं भागत नाहीत.

मध्ये बँडही थांबला होता, पण कायमचा नव्हे. २००० साली सोल जॅझ या लंडनच्या कंपनीने त्यांची जुनी गाणी एकत्र काढली, २००२ला नवा अल्बम आला. तोवर रेनीची मुलगी बासवर आणि व्हॅलरीची मुलगी गिटारवर आली होती. आजीने आणलेल्या वाद्यांची ही दुसरी पिढी.

ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बास गळतो आणि बास गळला की ईएसजीचं काही उरत नाही. हेडफोन लावा. आधी ‘मूडी’, मग ‘यूएफओ’. शिट्टी ओळखीची वाटेल. आणि जमलं तर विकत घेऊन ऐका.