घर नावावर करून देण्यापूर्वी

एका वाचकांचे पत्र समोर आहे. वय शहात्तर, सेवानिवृत्त शिक्षक. पत्नीला संधिवात, तिच्या औषधांचा खर्च निवृत्तिवेतनातून भागतो. राहती सदनिका स्वकष्टाची आणि स्वतःच्या नावावर. मुलगा-सून सोबतच राहतात आणि दोघेही प्रेमाने वागतात. गेल्या महिन्यात मुलाने सुचविले की, घराचे बक्षीसपत्र आताच करून टाकावे. खर्च फारसा येत नाही आणि पुढच्या खेपा वाचतील. पत्रलेखकांनी विचारले आहे : मुलावर माझा पूर्ण विश्वास आहे, तर करून द्यावे ना?

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. करून देऊ नये. मृत्युपत्र करावे.

मुलाने सुचविले त्यात वावगे काही नाही. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर आकार वेगळे. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. परंतु स्वस्तात मिळते म्हणून माणूस नको ती वस्तूही पिशवीत टाकतो, तसेच काहीसे या दस्ताचे झाले आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा उमटवून बाहेर पडताना कितीतरी ज्येष्ठांना वाटत असते की, आपण नुसते ‘नाव लावून’ आलो. प्रत्यक्षात त्या क्षणी आपण आपल्याच घरात दुसऱ्याच्या मर्जीने राहणारे झालेलो असतो. बक्षीसपत्र नोंदले गेले आणि मुलाने ते स्वीकारले की मालकी लगेच त्याच्याकडे जाते. पुढे मन बदलले म्हणून ते एकतर्फी मागे घेता येत नाही. मृत्युपत्राचे तसे नाही. ते आपल्या पश्चात अमलात येते, तोवर घर आपलेच असते आणि मजकूर हवा तेव्हा बदलता येतो.

अशा वेळी घरात कोणीतरी ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांचा दाखला देतो. माझा सल्ला असा की, तो देऊ नये. चांगल्या मुलाचे मन त्याने विनाकारण दुखावते, आणि खरा धोकाही तिथे नाही. मुलगा सोन्यासारखा असला तरी त्याच्या आयुष्यात काय घडेल हे त्याच्या हाती नसते. त्याने व्यवसायासाठी घर तारण ठेवले आणि व्यवसाय बुडाला, तर बँक जप्तीला येताना या घरात मालकाचे आईवडील राहतात हे पाहत नाही. पती-पत्नींचे बिनसले, तर घर त्यांच्या वादात ओढले जाते.

आणखी एक शक्यता आहे. ती बोलायला अशुभ वाटते, पण लिहिणे भाग आहे. मुलगा वडिलांच्या आधी गेला तर? हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुषाचे निधन झाल्यास त्याची मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या वारसांना मिळते. या वर्गात त्याची पत्नी आहे, मुले आहेत, आई आहे. वडील नाहीत. म्हणजे आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले घर ज्या वडिलांनी मुलाला बक्षीस दिले, त्यांचा त्या घरात कायद्याने तसूभरही वाटा उरत नाही. हे ऐकल्यावर अनेक सुशिक्षित गृहस्थ पुन्हा विचारतात, ‘वडील नाहीत म्हणजे काय?’ कायद्यात आहे ते असेच आहे.

आता काही घरांत परिस्थिती अशी असते की, हयातीतच घर देणे आवश्यक ठरते. तसे असेल तर दोन गोष्टी दस्तातच लिहून घ्याव्यात. पहिली, आपण व आपली पत्नी किंवा पती हयात असेपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क आपण राखून ठेवीत आहोत. असा हक्क राखूनही बक्षीसपत्र वैध राहते. दुसरी, घर घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा आणि शारीरिक देखभाल सांभाळण्याच्या अटीवर हे घर दिले जात आहे.

ही दुसरी अट म्हणजे शोभेचे वाक्य नव्हे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ तिच्यावरच उभे आहे. अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानले जाते आणि न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे, करावयाचा असतो.

अटीचे मोल सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांतून कळते. डिसेंबर २०२२ च्या निर्णयातील आईने आपला हक्क मुलींच्या नावे केला होता आणि तो रद्द व्हावा अशी तिची मागणी होती. परंतु देखभालीच्या अटीवर हक्क दिला होता, असे तिच्या अर्जात कुठेच मांडलेले नव्हते. न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे प्रकरण आले. तिने मुलाला घर बक्षीस दिले होते, आणि आपण आईची काळजी घेऊ असे मुलाने त्याच सुमारास लिहून दिले होते. तिथे बक्षीसपत्र रद्द झाले आणि ताबाही आईला परत देण्याचा आदेश झाला. दुसऱ्या आईच्या हाती एक कागद होता. तरीही तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही ध्यानात असू द्यावे. सत्तरीनंतर जिंकलेला खटलासुद्धा प्रकृतीला महागच पडतो.

म्हणून पुन्हा मृत्युपत्राकडे येतो. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र ती करून ठेवल्यास पुढचे वाद कमी होतात. दोन साक्षीदार अत्यावश्यक. ते आपल्यापेक्षा वयाने बरेच लहान असावेत, कारण त्यांची गरज आपल्यानंतर भासणार आहे; आणि ज्याला काही मिळणार आहे अशा व्यक्तीला साक्षीदार करू नये. घराचे वर्णन नेमके लिहावे : सदनिका क्रमांक, इमारत, गृहनिर्माण संस्थेचे नाव, भाग प्रमाणपत्राचा क्रमांक. प्रत्येक पानावर स्वाक्षरी करावी आणि तारीख स्पष्ट घालावी, कारण शेवटचे वैध मृत्युपत्रच धरले जाते. त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडून, आपण शुद्धीवर असून आपल्याला सर्व समजते आहे, असे प्रमाणपत्र घेऊन सोबत जोडावे. विस्मरणाची सुरुवात झाली असल्याची शंका असेल, तर हे काम या पंधरवड्यातच उरका. आजार बळावल्यावर केलेल्या कागदाला कोणीही आव्हान देऊ शकते. आणि संस्थेत मुलाला नामनिर्देशित केले आहे म्हणून मृत्युपत्राची गरज नाही, अशा समजुतीत राहू नका. नामनिर्देशित व्यक्ती सर्वसाधारणपणे विश्वस्त असते, तेवढ्याने ती मालक होत नाही.

ज्या मुली-सुना किंवा मुलगे वृद्धांची प्रत्यक्ष सेवा करतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. आपल्या नावे काही लिहिले जाणार असेल, तर त्या वेळी खोलीत थांबू नका, वकील आपण ठरवू नका, कागद आपण टंकून आणू नका. ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर न्यायालय त्याकडे संशयाने पाहते. दहा वर्षे बेडपॅन उचलणाऱ्या सुनेवर शेवटी ‘सासूबाईंना भरीस घातले’ असा आरोप दूरच्या दिराकडून होतो. तो टाळणे तिच्याच हातात असते.

तेराव्यानंतर घरात फिरू लागणाऱ्या हक्कसोडपत्राविषयी खरे तर स्वतंत्रपणे लिहायला हवे. तूर्त एवढेच की, पतीने मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यांच्या मालमत्तेत पत्नीचा मुलांइतकाच वाटा असतो, आणि दुःखाच्या दिवसांत केलेली सही नंतर परत मिळत नाही. तीन-चार महिने कोणत्याही कागदावर सही करू नये. वडीलधाऱ्या बाईला कोणी घाई केली, कोंडी केली, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे. तो क्रमांक दूरध्वनीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

राहिला प्रश्न, मुलाला सांगावे कसे. नकार म्हणून सांगूच नये. ‘घर तुलाच द्यावयाचे आहे, ते मी मृत्युपत्रात लिहितो आहे’ असे म्हणून विषय उघड्यावर आणावा. मुलगी असेल तर तिच्याही समोर. मुलाचा हेतू खेपा वाचविण्याचा असेल, तर नीट केलेल्या मृत्युपत्राने तोही बराचसा साधतो. त्यानंतरही तो बक्षीसपत्राचाच आग्रह धरीत राहिला, तर त्यामागे एखादे कर्ज आहे का, हे शांतपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

गुरुजी, आपले पत्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा एक गोष्ट खटकली. आपल्या पत्नीचा उल्लेख त्यात केवळ औषधांच्या ओळीत आहे. स्त्रियांचे आयुर्मान आपल्याकडे पुरुषांपेक्षा जास्त असते. आपल्यानंतर त्या घरात त्यांनाच राहावे लागण्याची शक्यता अधिक. घर मुलाला द्यावयाचे असले तरी मृत्युपत्रात आधी त्यांचा हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क लिहा, आणि मग मुलाचे नाव. लिहिण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून त्यांना काय हवे आहे ते विचारा. कदाचित त्यांनी याचा आपल्यापेक्षा जास्त विचार केलेला असेल.